मोजणीत एक कमी

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या निवासी विशेष शाळेत अधीक्षक म्हणून रुजू झालो. मुलं थोडी, पण एकेक नमुना. कोणी चावणारं, कोणी फेकणारं, कोणी पळणारं. नेहमीच्या शाळांनी हात टेकले म्हणून इथे आलेली. अशाच ठिकाणी माझ्यासारख्याची गरज असते. सात रस्ता चौकातला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास मी स्वतःहून बंद केला. (विद्यार्थी त्याआधीच बंद झाले होते, पण तो वेगळा विषय.) बालमानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स झालाय. सर्टिफिकेट लॅमिनेट करून खुर्चीमागे लावलं.
संकल्प: मुलांवर आवाज चढवायचा नाही. कधीच नाही.

२ डिसेंबर
आवाज चढवला नाही. फेकणाऱ्यांपैकी इंद्रजीतने माझी चप्पल पत्र्यावर फेकली तेव्हा जरा लागला, इतकंच.

५ डिसेंबर
मायाक्का पळाली. वय दहा-अकरा, सांगोल्याकडच्या मेंढपाळाची पोर. बाप आणि आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. गावच्या शाळेत गुरुजींना चावली, म्हणून इथे. दुपारी विजापूर रोडला सापडली, दुसऱ्याच कुणाच्या मेंढरांत बसलेली. माझं निदान: अटेन्शन सीकिंग.
संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी निदान वगैरे ऐकून घेतलं नाही. म्हणाले, पुन्हा एकदा पळाली की नागपूरकडच्या संस्थेत पाठवायची, तिथे दाराला कुलूप असतं. आणि मग तुमच्या प्रोबेशनचंही बघू, असं हसत म्हणाले. मीही हसलो.
स्वयंपाकघर बघणाऱ्या बजाबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोरीला भेटाय म्हाताऱ्यानं मेंढरं घिऊन नागपूरला जायाचं व्हय?
भावनाप्रधान बाई. पण पोरीला जाऊ देणार नाही, हे मीही ठरवलंय.

९ डिसेंबर
मायाक्काची नवी खोड कळली. जेवणाच्या वेळी दारात उभी राहते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजते. एक जरी कमी असला तरी ताटाला शिवत नाही, दारही सोडत नाही. आज कुंडलिक संडासात होता, सगळे ताटकळले. बजाबाई म्हणाल्या, सर, कालवण निवतंय की, हिची मोजणी काय सरंना.
कोर्समध्ये याला कम्पल्सिव्ह बिहेवियर म्हणतात. उद्यापासून बंद.

१० डिसेंबर
बंद केलं. तिने आमटीचं पातेलं पालथं केलं. मोजणी तूर्त चालू ठेवली आहे. याला ग्रॅज्युअल अप्रोच म्हणतात.
माझ्याही डोक्याला हात लावायला आली. स्पष्ट नकार दिला. अधीक्षक मोजणीत नसतो. शिवाय माझे केस बसवायला वेळ लागतो.

२२ डिसेंबर
झकास कल्पना! जानेवारीत मुलांना गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं. हाताला धरणं नाही, दोरी नाही. मी पुढे झेंडा घेऊन चालणार, मुलं विश्वासाने मागे. नाव दिलं: विश्वास-पद्धती. बापूसाहेब म्हणाले, सिद्धेश्वराच्या जत्रेत शहाणीसुरती माणसं हरवतात. मी म्हणालो, सगळी जबाबदारी माझी. ते म्हणाले, तीच तर काळजी आहे.

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प पहाटे फिरण्याचा होता. गारठा फार आहे. आवाज चढला, पण फोनवर. फोन धरला जात नाही.

१२ जानेवारी
मुलांना धडा दिला: हरवल्यास काय करावे. जागा सोडू नये. सैरावैरा पळू नये. ओरडू नये. लाऊडस्पीकरच्या मांडवात जाऊन वर्णन सांगावे. मायाक्का खिडकीबाहेर बघत होती. इंद्रजीतने विचारलं, सर, आन तुमी हरवला तर? वर्ग फिदीफिदी हसला. आवाज लागला.

१७ जानेवारी
बजाबाईंनी बातमी आणली. मायाक्काचा आजा ईरप्पा जत्रेत घोंगड्या विकायला बसलाय. पोरीलाही कळलंय. बाईंचं म्हणणं, तिला न्हेऊ नका, गेली म्हणून समजा. मी म्हणालो, विश्वास म्हणजे विश्वास. फक्त तिची चप्पल मी माझ्या पिशवीत ठेवणार आहे. बाई म्हणाल्या, ती अनवाणीच जास्त पळती.
बाईंना शाळेतच थांबायला सांगितलं. दोन मोठी माणसं असली की विश्वास विभागला जातो.

१८ जानेवारी, रविवार, सकाळ
निळं जाकीट, झेंडा, शिट्टी. केस उत्तम बसलेत. आज इतिहास घडणार.

१८ जानेवारी, संध्याकाळ
नीट लिहितो.
मौत का कुवा दिसला. मुलांना खाली थांबवलं आणि सुरक्षिततेची पाहणी करायला एकटाच वर चढलो. पाहणीत दोन खेळ झाले. उतरलो तो दुसऱ्याच जिन्याने. मुलं नाहीत.
पहिली आठवली मायाक्का. घोंगड्यांच्या ओळीत पळालो. ईरप्पाची जागा रिकामी. शेजारचा म्हणाला, नात आलीया आसं कुनी सांगितलं, तसा गेला की लगबगीनं.
संपलं. पोर गेली. डोळ्यांपुढे नागपूरचं ते कुलूप. आणि त्या क्षणी मला माझं प्रोबेशन आठवलंही नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. पाळण्यांपासून भज्यांच्या गाड्यांपर्यंत सैरावैरा पळालो, मायाक्का मायाक्का करून ओरडलो, शिट्टी वाजवली. एका पोलिसाने शिट्टी काढून घेतली.
तेवढ्यात लाऊडस्पीकर. लक्ष द्या, एक सर हरवले आहेत. नाव मुलांना सांगता येत नाही, नुसते सर म्हणतात. निळं जाकीट, हातात झेंडा, पिशवीत मुलीची चप्पल. घाबरले की ओरडतात. कोणाला दिसल्यास रागवू नये, हाताला धरून आणावे.
मग खरखर, आणि माईकवर इंद्रजीत: सर, आमी हितंच हाव. पळू नका.
एका फुगेवाल्याने मला हाताला धरून नेलं.
मांडवात सगळी मुलं ओळीने बसलेली, चुरमुरे खात. मायाक्का उभी, चुरमुऱ्यांना न शिवता. शेजारी ईरप्पा. म्हातारा म्हणाला, सायेब, मी म्हणलं चल पोरी पालावर, तुजा बाप वाट बगतोय. तर म्हणती, एक कमी हाय आज्या, कशी येऊ? मेंढक्याचं लेकरू हाय. मोजणी भरल्याबिगर जागा सोडत न्हाय.
मी म्हणालो, पण मी मोजणीत नव्हतोच.
मायाक्का म्हणाली, व्हता की. हात लावू देत नव्हता, म्हणून रोज लांबनं मोजत हुते.
यावर कोर्समध्ये काही नव्हतं. चप्पल तिच्या पायाशी ठेवली.

२० जानेवारी
बापूसाहेब परवा जत्रेतच होते. त्यांनी लाऊडस्पीकर ऐकला. सगळ्या सोलापूरने ऐकला. मी समजावून सांगितलं की हे माझ्या बारा तारखेच्या धड्याचं यश आहे. सगळी मुलं धड्याप्रमाणे वागली. त्यांनी विचारलं, आणि तुम्ही? मी पाणी प्यायलो.
निर्णय: नागपूर रद्द. मेंढरं जवळ असतील तेव्हा ईरप्पाने येऊन पोरीला पालावर न्यायचं आणि परत आणून सोडायचं. माझं प्रोबेशन वाढवलं. मी विचारलं, माझ्यावर देखरेख कोण करणार? बापूसाहेब म्हणाले, ती सोय झालेली दिसते.
रात्रीच्या जेवणाला मुलांच्या मागे रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा वाकलो, कारण तिचा हात पोचत नव्हता. केस पार विस्कटले. भरली, असं म्हणून ती ताटावर जाऊन बसली.
खूप बरं वाटलं. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
आज आवाज चढला नाही. खरं तर फुटलाच नाही.