आज दोनच लंगोट

९ मेहर
यझ्दमधलं चौथं दुकान, तिथेही डायपर नाहीत! औषधवाला म्हणतो, बाळ झाल्यावर जन्मदाखला घेऊन या, मग एक पॅकेट देईन. म्हणजे आमच्या बाळाने आधी जन्मायचं, मग रांगेत उभं राहायचं आणि मग शू करायची. तोवर धरून ठेवायची म्हणे.

घरी येईपर्यंत पायांचे खांब झाले होते. इरजला सांगितलं. तो म्हणाला, मेबोदला त्याच्या टाइल्सच्या कारखान्याशेजारी एक ओळखीचा आहे, बघू. लग्नाला चार वर्षं झाली, हा माणूस प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणतो.

मी ठरवून टाकलं. कापडाचे लंगोट.

११ मेहर
दोन दिवस मोबाइलवर हेच वाचतेय. शाळेत मुलींच्या पेपरांवर एवढा वेळ घालवला नसेल. बटणांचे, नाडीचे, खिशाचे – खिशात जाड घडी सरकवायची आणि वरून रबरी चड्डी. तेहरानची एक बाई शिवून पाठवते, वर छोटे छोटे कोल्हे छापलेले. कोल्हे मला फार आवडले.

कोल्ह्यांचा फोटो घेऊन खाली गेले, हाजखानुमकडे. चूकच झाली. आमच्या सासूबाईंना पाक-नापाकचं वेड आहे. नळ उघडायच्या आधी नळ धुतात. मग हात धुतात, मग हाताने नळाला हात लावला म्हणून परत नळ! सासरे गेल्यापासून वाढलंय, असं इरज म्हणतो. शूचा एक थेंब गालिच्यावर पडला तर अख्खा गालिचा अंगणात येणार, हे लग्नाआधीच मला सांगण्यात आलं होतं. तेव्हा मी हसले होते.

त्यांनी चष्मा लावला, फोटो नीट पाहिला, घडी किती जाड ते विचारलं. मग म्हणाल्या, "यातून पाणी आरपार जाणार नाही, सूनबाई. पाणी आरपार गेलं नाही तर ते पाक कसं व्हायचं?"

कोल्हे गेले.

१३ मेहर
आई शिराजहून आली. बाळंतविडा घेऊन – पहिल्या बाळाचं सगळं माहेराने द्यायचं, तिने काहीही सोडलेलं नाही. पाळणा, झबली, टोपडी, लोकरीचे मोजे (यझ्दमध्ये!) आणि तळाशी चाळीस चौकोनी लंगोट. तिच्या जुन्या चादरींचे. वापरून वापरून कापड सायीसारखं झालंय. चारही बाजूंनी हाताने दुमड घातलेली. तिचे डोळे बरे नाहीत, तरी.

दोघी विहिणी अंगणात लंगोटांचा ढीग मधे घेऊन बसल्या. चार वर्षांत या दोघींचं एकाही बाबतीत जमलं नव्हतं. भातात मीठ किती यावरून माझ्या लग्नातच वाजलं होतं. आज जमलं! चौकोनी हवेत, पातळ हवेत, लवकर वाळतात. आणि पांढरेच हवेत.

"पांढऱ्यावर काही लपत नाही," हाजखानुम म्हणाल्या.

आईने मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही. म्हणजे "लंगोटांची निवड" झाली. हाजखानुमनी लाल बादली विकत आणलीय, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही आणि तिने दुसऱ्या कशाला लागायचं नाही. दोरीही वेगळी, त्यांच्या नमाजाच्या कपड्यांच्या दोरीपासून लांब.

१९ मेहर
मुलगा. तीन किलो शंभर. बामदाद.

२२ मेहर
इरजचं "बघू" फळलं! मेबोदच्या ओळखीच्याने एक पॅकेट काढून दिलं, चोवीस नग. इरजने ते असं आणलं जसं काही काबीज करून आणलंय. हाजखानुमनाही बरं वाटलं. तीन-चार दिवस तरी लाल बादली कोरडी राहील म्हणाल्या. आई केशर घातलेली काची – बाळंतिणीचा पातळ शिरा – करून घालतेय, तूप ओठांवरून उतरत नाही. सगळं दुखतं. पण बाळ! त्याच्या कानामागे लव आहे, ती मी तासभर बघत होते. शेजारच्या नर्गेसचं बाळ दिवसाला आठ-दहा बदलतं म्हणे. आमचा तीनवर भागवतो.

२५ मेहर
दिवसाला दोन! रांगा बघून पोटातच शहाणा झाला हा. मी त्याला काटकसरी खान म्हणते. आई हसली. इरजनेही कारखान्यात सगळ्यांना सांगितलं म्हणे. पोट कसं टम्म आहे, पिऊन पिऊन. दूध जरा ओढून टाकून देतो, पण आई म्हणते पहिल्यांदा असंच असतं.

२९ मेहर
काल दहाव्या दिवसाची अंघोळ झाली, त्याची नि माझी. आज आई शिराजला परत गेली. दारात रडली नाही, मला वाटतं गाडीत रडली असेल.

पॅकेट बंद केलं, उरलेले नर्गेसला दिले. तसं आणखी तीन दिवस गेलं असतं, पण चाळीस लंगोट घडी घालून वाट बघतायत, आणि त्या दुमडींत आईची बोटं आहेत. आजपासून कापड.

पहिला मीच बांधला. दोन कोपरे मागून, एक पुढून, पिन मी नको म्हटलं, गाठ मारली. गाठ पोटावर घट्ट बसते, म्हणून सैल केली, तरी रडतो.

आज दोनच लंगोट. तेही जरासेच ओलसर. इथली हवाच अशी आहे, काहीही टिकू देत नाही, ओलं टाकलं की लगेच कडक. मी हे हाजखानुमना सांगितलं. त्या लंगोट उलटसुलट करून बघत राहिल्या.

३० मेहर
एकच.

हाजखानुम दोनदा जिना चढून आल्या. गुडघे धरून. लंगोट मागतात, बघतात, परत देतात. माझ्यावर विश्वास नाही असं वाटून मला राग आला. बाळाचं धुणंसुद्धा मला जमणार नाही का? इरज म्हणाला, सोड, तिचा स्वभाव. मी तोंड फिरवून झोपले.

१ आबान
लिहिते. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते, नाहीतर ओरडेन.

सकाळी हाजखानुम वर आल्या, हातात लाल बादली. कधी वर आणत नाहीत ती. बादली माझ्यापुढे ठेवली.

"सूनबाई, हिच्यात काल पहाटेपासून एक लंगोट पडलाय. एक."

मी म्हटलं, हवा कोरडी आहे.

"मी पाच पोरं वाढवली याच हवेत. लंगोट धुऊन माझे हात सोलून निघत होते. हे पोर शू करत नाही गं." मग त्यांनी लंगोट खिडकीच्या उन्हात धरला. मधोमध एक पिवळट कडं, नखाएवढं. "हे शू नाही. हे गळणं आहे."

मी त्याचं पोट पाहिलं. मी त्या पोटाचं कौतुक केलं होतं! हात लावला तर आत काहीतरी कडक, गोल.

इरज कारखान्यात होता. आम्ही दोघी टॅक्सीने आलो. टॅक्सीच्या सीटवर काय काय सांडलेलं असेल या भीतीने हाजखानुम एरवी टॅक्सीत बसत नाहीत.

३ आबान
डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं. शूच्या वाटेत आतल्या बाजूला एक पातळ पडदा आहे, जन्मापासून. थेंब थेंब बाहेर, बाकी सगळं मागे. मागे म्हणजे वर. डावं मूत्रपिंड जवळजवळ गेलंय. आणि उजवं?

"बघू," डॉक्टर म्हणाला.

त्याला नळी घातलीय. पिशवी भरली, परत भरली. एवढंसं बाळ, एवढं पाणी! इतके दिवस हे सगळं घेऊन निजत होता तो. आणि मी शेजारी.

४ आबान
काटकसरी खान.

काटकसरी खान, काटकसरी खान. मी हे नाव ठेवलं. मी.

५ आबान
गणिताची बाई आहे मी. चोवीस नग, दिवसाला आठ, तर किती दिवस पुरतील – सहावीच्या मुलीही सांगतील. माझे सात दिवस पुरून आणखी तीन दिवसांचे उरत होते. उत्तर चुकीचं आलं की उदाहरण परत बघायचं, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलेय. मी परत बघितलं नाही. मी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटले.

त्या पॅकेटमध्ये सगळं शोषून घेणारं काहीतरी असतं. ओलं आहे की नाही, वरून कळतच नाही. रांगेत उभी राहिले असते, आणखी पॅकेट मिळाली असती, तर तो –

पुढे लिहवत नाही. पण पॅकेट असो की कापड, मी बघत नव्हते, हेच खरं. बघत होत्या त्या. थेंबांच्या भीतीने थेंब मोजत होत्या, आणि त्यांनाच कळलं. मी त्यांना आजवर मनातल्या मनात काय काय म्हटलंय!

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, उष्णता असेल. मग म्हणाली, मी तिथेच होते गं. मीपण हसले होते.

८ आबान
पडदा कापला. पाऊण तास. इरज जमिनीवर उकिडवा बसला होता, भिंतीला टेकून. एकदाही "बघू" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

११ आबान
सकाळी नळी काढली. आता त्याने स्वतः शू करायची. नर्स म्हणाली, पॅकेटवाले आणा, वजन करायला सोपे. नाहीत म्हटलं. मग आईचे आणले. प्रत्येक लंगोट आधी काट्यावर, मग बाळाला, मग परत काट्यावर.

कोरडा लंगोट अठ्ठावीस ग्रॅम. तासाने अठ्ठावीस. दोन तासांनी अठ्ठावीस. साडेतीन तासांनी पोट परत कडक. नळी परत घातली. त्याच्या रडण्याला आता आवाजच उरलेला नाही, नुसतं तोंड उघडतं.

डॉक्टर म्हणाला, सूज असेल, दोन दिवस देऊ. परवा पुन्हा काढू. तेव्हाही नाही झालं, तर बेंबीखाली भोक पाडून तिथून काढून द्यायचं. कधीपर्यंत? माहीत नाही. उजवं मूत्रपिंड आणखी ताण घेणार नाही, हे मात्र त्याने स्पष्ट सांगितलं.

मला आशा नाही. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला अजिबात आशा नाही.

१२ आबान
इरज दर्ग्यावर जाऊन नवस बोलून आला. काय बोलला ते सांगितलं नाही. मी झोपेत लंगोटांच्या घड्या घालत होते म्हणे.

१३ आबान, सकाळी दहा
आठला नळी काढली. डॉक्टरने बारापर्यंत वेळ दिलाय. खालच्या मजल्यावर ऑपरेशनची खोली सांगून ठेवलीय.

नऊ – अठ्ठावीस. दहा – अठ्ठावीस.

१३ आबान, अकरा
हाजखानुम आल्यात. एकट्या, बसने! इस्पितळात. जिथे त्यांच्या हिशेबाने एकही जागा पाक नाही. खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर घरचा टॉवेल, मग बसल्या. पिशवीतून नमाजाला डोक्यावरून ओढायची पांढरी चादर काढली. मक्केहून आणलेली. ती गुलाबपाणी शिंपडून पेटीत असते, मी लग्नानंतर एकदा घडी घालायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून घेतली होती. आज अंगावर ओढली. मला वाटलं नमाजाची वेळ चुकू नये म्हणून.

बाळ मागितलं. मी दिलं. त्यांनी त्याच्या लंगोटाची गाठ सोडली.

मी म्हटलं, हाजखानुम, काय करताय, चादर!

"गाठ पोटावर येते त्याच्या," त्या म्हणाल्या. "मोकळा राहू दे."

लंगोट माझ्याकडे दिला, कोरडा, आणि उघडं बाळ चादरीच्या ओच्यात घेऊन बसल्या. तोंडाने काहीतरी पुटपुटतायत. नर्स ओरडली, वजन कशाचं करायचं? त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी बाहेर आले. मला घड्याळ बघायचं नाही. बाराला मीच त्याला खाली घेऊन जाईन.

१३ आबान, बाराला दहा कमी
चादर छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजलीय. धुवायला मागितली. देत नाहीत.