राखून ठेवलेला तास

दि. १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावजींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, जिने चढायची हौस आता आवरा.

आता माझी बातमी. मी समुपदेशक व्हायचं ठरवलंय. हसू नकोस, पुढे वाच. दुकान बंद करत नाही. सकाळी चष्मे, संध्याकाळी वर्ग. त्यातही मी निवडलेला प्रकार सायकोडायनॅमिक. म्हणजे समोरच्याला चार उपदेश करून वाटेला लावायचं नाही. त्याचं आजचं दुखणं कुठल्या जुन्या नात्यात रुतलंय, हे त्याच्याच बोलण्यातून त्याला दिसेपर्यंत सोबत बसायचं. वेळ लागतो. घाईचं काम मला कधी आवडलं नाही, हे तू जाणतेस.

का, विचारशील. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला येतात. दांडी सैल नसतेच. मी पेचकस लावल्यासारखं करतो आणि ते बोलत राहतात. भिंगं घासायला मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो, त्याचा मला अभिमान आहे. पण ऐकणं तसं शिकता येत नाही, हे मास्तरांपुढे कळलं. हिचं म्हणणं, घरात हाक मारली तर ऐकू येत नाही आणि निघालेत जगाचं ऐकायला.

एक नियम आहे. शिकणाऱ्याने आधी स्वतः एका अनुभवी समुपदेशकासमोर दर आठवड्याला बसायचं, शिक्षण संपेपर्यंत. मीही एका बाईंकडे बसू लागलोय. आपलं लहानपण, आई-बाबा, सगळं निघतं.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या वेडासकट असू दे.

तुझा,
धाकटा


दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी बातमी वाचून हे म्हणाले, हा बोलायला लागला की थांबवायला माणूस ठेवावा लागतो, हा काय ऐकणार. मी तुझी बाजू घेतली. लहानपणी रेडिओ खोलायचास, आता माणूस खोलशील. जोडून झाल्यावर दोन स्क्रू हातात उरू देऊ नकोस म्हणजे झालं.

एकच बजावते. त्या बाईंपुढे आई-बाबांचं काय हवं ते सांग. माझ्या घरातलं तिथे नेऊ नकोस. ठकी जाऊन वर्ष झालं. या घरात तिचं नाव आम्ही दोघंही काढत नाही, आणि तसं राहणं जमलंय. तिची खोली शिवणवर्गाला दिली. मुली तिथे बसून काजं करतात, त्यांना काही माहीत नाही. माझी लेक हा तुझ्या अभ्यासातला धडा नाही.

रागावले नाही. तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई


दि. २० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून धरून दीड वर्ष झालं वर्गाला. तू बजावलंस ते पाळलंय. मी कशाला तरी वळसा घालून जातो, हे त्या बाईंना कळतं, पण त्या ओढून काढत नाहीत.

आता आमच्या वर्गाच्याच समुपदेशन केंद्रात माझ्याकडेही माणसं येऊ लागलीत. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खुर्च्या अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरक्या; घड्याळ दोघांना दिसेल असं. पहिला शब्द येणाऱ्याचा. कोण येतं, काय बोलतं, ते तुलाही लिहिणार नाही. नात्यातलं, ओळखीचं माणूस मात्र घ्यायचं नाही, हा नियम पक्का.

ताई, एक सुचवू? तुझ्या घराजवळ एक चांगल्या समुपदेशक आहेत. माझ्या शिक्षिकेच्या माहितीतल्या. एकदा जाऊन तर बघ. नाही पटलं तर मला शिव्या दे.

तुझा,
धाकटा


दि. २ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परक्या बाईपुढे मी बसणार नाही. बोलले तर तुझ्यापुढे बोलेन, पण भाऊ म्हणून नाही. भाऊ म्हणून ऐकलंस तर तू रडशील, आणि मग माझं राहील बाजूला, तुलाच गप्प करत बसावं लागेल. त्या तिरक्या खुर्चीतला तू मला हवास. एक दिवस माझा भाऊ नसलास तर चालेल का, तेवढं कळव.

ताई


दि. १५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी उशीर केला. नकार द्यायचा होता आणि तो नेमक्या शब्दांत द्यायचा होता. मनासारखं वाक्य जुळेना. माझं गप्प राहणं तू होकार समजलीस आणि भलत्याच नावाने वेळ घेऊन आलीस.

दार उघडलं तर आत तू, पर्स मांडीवर धरून. मला शिकवलेलं वाक्य मी शिकवलेल्या आवाजात म्हणालो, की मला हे सत्र घेता येणार नाही, बाहेरच्या टेबलावर तुम्हाला दुसऱ्या समुपदेशकांची वेळ मिळेल. तुला अहोजाहो केलं मी. तू बरं म्हणालीस आणि उठलीस.

आमच्यात दिलेला तास त्या माणसासाठी राखलेला असतो. माणूस नसलं तरी समुपदेशकाने जागा सोडायची नसते. मी सोडली नाही. तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर पूर्ण वेळ बसून राहिलो आणि मग बाहेर आलो. तू गेली होतीस. बसथांब्यापर्यंत पळत गेलो, पण बस निघून गेली होती.

शिक्षिकेला सांगितलं. मला वाटलं होतं, शाबासकी नाही तरी मान डोलावतील. त्या म्हणाल्या, सत्र नाकारलंत ते बरोबरच. पण त्या वेळात त्यांचा भाऊ कुठे होता?

हे शिक्षण सोडावं असं वाटतंय. त्याआधी तुझ्याकडे येतो. तुझ्या स्वयंपाकघरात भाऊ म्हणूनच बसतो. तू सांग. मी रडणार नाही.

तुझा,
धाकटा


दि. २८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शिक्षण सोडायचं नाही. नाव बदलून आले ती आगळीक माझी. आणि खरं सांगते, तुझा तो आवाज चांगला होता. परक्या माणसाला त्याचा आधार वाटेल.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई होती, पायांमध्ये कुंडी धरून बसलेली. तिने सहज विचारलं, मुलं किती. एरवी मी विषय बदलते. पण त्या दिवशी तुझ्यासाठी घरून सगळं मनात जुळवून आणलं होतं, ते ओठांशीच होतं. तिला सांगितलं. दुखणं कळलं तो दिवस, शेवटी ठकी माझ्याशी अबोला धरून होती ते, आणि मीही हट्टाने बोलले नाही ते. तिचं शाळेच्या दाखल्यावरचं खरं नाव सांगितलं. बाईने मधे एक शब्द टाकला नाही. तिचा थांबा आला तेव्हा माझा हात दाबला, कुंडी उचलली आणि उतरली.

घरी येऊन यांना सांगायला गेले, तर काही निघेना. आता तुला लिहितानाही बघ, वरच्या चार ओळींपुढे हात जात नाही. तू येशील, ऐकशील, पण सांगायला माझ्याकडे उरलेलं नाही. ये. चार दिवस राहा. हेही तुझी वाट बघतायत. फक्त ते विचारू नकोस.

माझ्या लेकीचं सगळं माहीत असलेली एकच बाई आता या जगात आहे, आणि ती कुठल्या थांब्यावर उतरली तेवढंही मी पाहून ठेवलं नाही.

वहिनीला आशीर्वाद. तुझ्यावर माया होती तितकीच आहे, कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
ताई