गालातला तुकडा

शिरपूर, ता. २ डिसेंबर १९३७

चि. जगदेव यास मारोतरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडील क्षेम.

दिवाळीले नागपूरले आलो, तं तू धाकट्या भावाच्या मायेनं माह्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा कापून घेतला. पंधरा दिवस ठेचा खाता आला नाही. आता लिहितोस, तो तुकडा मेणात बसवला, पापुद्रे काढले, रंगवले, आन् भिंगाखाली त्यात रक्तातले पांढरे शिपाई दिसले. एवढं डाक्तरीचं शिकून तू भावाच्या तोंडात फौज शोधून राह्यला! कापडवाल्या फुलचंद शेटजीले पत्र वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, या शिपायाईची वर्दी कोण शिवते?

तंबाखू-चुना आपला आजा खात होता, बाप खात होता. एक तापानं मेला, एकाले बैलानं मारलं. किन्हीराजा गावच्या वैदूनं मले पूड देली आहे, ती पुरे.

आठवण जवळ ठेव, चाकू दूर ठेव.

तुहा दादा
मारोतराव


नागपूर, ता. ९ डिसेंबर १९३७

तीर्थरूप दादांच्या चरणी जगदेवचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

थट्टा पोचली. शिपाई हा शब्द माझाच, चूक माझी. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. चुन्या-तंबाखूनं गाल रोज भाजतो, तिथं त्या धावून येतात. नुसत्या त्यांची भीती नाही. पण चट्ट्याच्या एका कडेला कातडी वेडीवाकडी वाढली आहे, आणि नेमक्या तिथं खाली रक्ताच्या बारीक नळ्या नव्यानं फुटल्या आहेत. आमचे वैद्यकीचे मास्तर बराच वेळ भिंगातून पाहत होते. पांढऱ्या पेशी आग विझवतात की धुमसत ठेवतात, हे त्यांना तीस वर्षांत ठरवता आलं नाही, असं ते म्हणाले. नळ्या मात्र वाढणाऱ्याला पोसतात, असं त्यांचं मत पडलं. दादा, मळ्यातला पाट तणाकडे वळला, तर तुम्ही हसत बसाल का?

आज तो कर्करोग नाही. पुढच्या वर्षी नसेलच, असं कुणी लिहून देणार नाही. चट्टा पूर्ण काढायला हवा. तंबाखू सोडा, आणि रागावून का होईना, पण या.

आपल्या रागाचाही धनी,
जगदेव


शिरपूर, ता. १६ डिसेंबर १९३७

चि. जगदेवास आशीर्वाद.

आधी फौज होती, आता माह्या तोंडात ओलीत आलं. पुढच्या पत्रात विहीर खोद. मी येत नाही.

मारोतराव


शिरपूर, ता. ३ जानेवारी १९३८

चि. जगदेवभाऊजीस रंगूवहिनीचे आशीर्वाद.

हे पत्र आमची कस्तुरा लिहून राह्यली. तिच्या बाबाले माहीत नाही. वैदूच्या पुडीनं गाल अजूनच पोळला. सकाळी चूळ भरली का पाण्यात रक्त दिसते. भाकर दुधात कुस्करून खातात आन् जवारीले नावं ठेवतात. तुमचं मोठं पत्र कोनाड्यात ठेवलं आहे. मी रोज त्याची घडी नीट करून ठेवते, आन् रोज ती उलगडलेली सापडते. बोलावून येणार नाहीत. तुमी येऊन घेऊन जा.

वहिनीवर माया ठेवता, ती आता दादाच्या कामी येऊ द्या.

रंगूबाई


नागपूर, ता. २४ जानेवारी १९३८

सौ. रंगूबाईस अनेक आशीर्वाद.

मले बोलायची मनाई आहे, म्हणून लिहितो. जगदेव दारात उभा राह्यला, तवाच तुहं कारस्थान समजलं होतं. डाक्तरानं रुपयाएवढा गाल काढला. इथली पेज म्हणजे भांडे धुतल्याचं पाणी. तंबाखूवाचून डोकं भणभणते.

जगदेवनं मले भिंगातून दाखवलं. जांभळ्या ठिपक्याईचं रान, आन् त्यातून लाल नळ्या. काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ निघाल्या म्हणते मास्तर, तरी दर तीन महिन्यानं दाखवायले यायचं. तीन महिन्यापुढचं ज्याले सांगता येत नाही, त्या विद्येले काय म्हणावं? पण येईन.

वाशीमच्या टेसनावर तू डब्याच्या खिडकीशी येऊन हळूच विचारलं, भेव वाटते काय. लोकाईसमोर मी तुह्यावर खेकसलो. कस्तुरा, इथं थांबू नको पोरी, आईले पुरतं वाचून दाखव. वाटत होतं. अजून वाटते.

मारोतराव