शुक्रवार सकाळ, आठ ते नऊ

मी, रोलंड अर्नेस्ट अॅस्क्यू, वय बहात्तर, राहणार ग्रीन्स नॉर्टन, परगणा नॉर्थॅम्प्टनशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. फुफ्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला समजले आहे; डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बँकेची समजूत काढण्यासाठी केली होती.

खरे तर हा सगळा खटाटोप एका कलमासाठी आहे, पाचव्या. आयवर पास्क या माझ्या मेकॅनिकचे नाव मी तेरा वर्षांपूर्वी धुळीला मिळवले. मरण्यापूर्वी ते मला स्वच्छ करून द्यायचे आहे.

१. राहते घर मुलगी हॅरिएट हिला. हे घर मी दोनदा गहाण टाकले, एकदा शर्यतीच्या गाडीच्या इंजिनांसाठी आणि एकदा टायरांसाठी. पहिल्या वेळी पत्नी म्युरिअलला मी सांगितले, दुसऱ्या वेळी बँकेच्या पत्राने. तिने पत्राची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कारखान्यातल्या पंधरा माणसांची बेकन-सँडविचेस केली. "पुढच्या वेळी मला विकशील तेव्हा आधी सांग, केस तरी विंचरून येते," एवढेच म्हणाली. शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला, तेव्हा ती नव्हती. हॅरिएट म्हणते, "बाबा, आईला तुम्ही आयुष्यभर गाडीची सवत करून ठेवलंत." पोरीचे खरे आहे. घर विकावेसे वाटले तर तिने खुशाल विकावे.

२. बँकेत अकरा हजार चारशे पौंड आहेत. त्यातून अंत्यविधी साधा करावा व उरलेले हॅरिएटने घ्यावेत. शवपेटीवर हेल्मेट ठेवू नये. मी गाड्या बांधल्या, चालवल्या दुसऱ्यांनी.

३. हत्यारे जवळच्या तंत्रशाळेला. ती वापरावीत. काचेच्या कपाटात ठेवली तर हॅरिएटने परत आणावीत.

४. एका बिस्किटवाल्या गृहस्थांनी हातात हात घेऊन पैशांचा शब्द दिला, त्यांचे नाव आम्ही मोसमभर गाडीच्या पाठीवर मिरवले आणि एक पेनीही आली नाही. त्यांचे नाव मी लिहीत नाही, हॅरिएटला ठाऊक आहे. नाव रंगवलेले ते इंजिनावरचे झाकण त्यांच्या दारात नेऊन टाकावे. वाहतुकीचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यावा.

५. ब्रॅकलीजवळचा कारखाना आणि त्यात उभी असलेली शेवटची गाडी आयवर पास्क यास. गाडीला एक संग्राहक एक लाख ऐंशी हजार देतो आहे. विकताना एकच अट घालावी: ती पुन्हा पळवायची नाही. कारण पुढे लिहितो.

त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये आमच्यासारख्या फाटक्या संघांना शुक्रवारी सकाळी आठ ते नऊ असा एक तास मिळे. त्यात पहिल्या चारांत आलात तर पुढे सराव आणि शर्यत, नाहीतर नाश्त्याच्या आत ट्रक भरून घरी. त्या मोसमात आम्ही नऊ वेळा नाश्त्याच्या आत घरी निघालो होतो.

मागचे चाक ज्या धातूच्या तुकड्यावर बसते त्याला आम्ही अपराइट म्हणतो. प्रत्येकावर ठोकलेला आकडा असतो आणि प्रत्येकाचे एक कार्ड. दोन हजार किलोमीटर भरले की तो हातोड्याने फोडून टाकायचा, म्हणजे कोणाला मोह होत नाही. सात नंबरचे भरले होते. नवा हवा तर ओतकामवाल्याला आधी रोख हवी होती, आणि माझ्याकडे हंगेरीच्या शर्यतीपर्यंतच्या डिझेलपुरते पैसे होते. निघण्याच्या आदल्या दुपारी मी सातचा आकडा कानशीने घासून काढला आणि त्यावर अकरा ठोकला. कार्डही नवे लिहिले.

शुक्रवारी नऊला वीस मिनिटे असताना आमचा टीमू कोस्किवारा चौथा होता. चौथा. टीमू फिनलंडचा, पगार न घेता चालवणारा. माझ्याकडे आलेला सर्वांत चांगला हात. आणखी एक फेरी मारून घे, असे रेडिओवर मीच सांगितले. त्या फेरीत याच गाडीचा अपराइट फुटला आणि टीमूचे दोन्ही घोटे गेले.

मुदत संपलेला भाग लावला होता हे कळते तर विमा कंपनीने एक पैसा दिला नसता, टीमूच्या इस्पितळालाही नाही. म्हणून मी जबाब दिला की चाकाचे नट नीट आवळले नव्हते. नट आवळणे आयवरचे काम. विमा मिळाला, आयवरला मी काढून टाकले, आणि नाताळपर्यंत संघही संपला. त्यानंतर कोणत्याच संघाने आयवरला दारात उभे केले नाही. तो तेरा वर्षे डॅव्हेंट्रीला शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो आहे. टीमू दर नाताळला मला कार्ड पाठवतो आणि लिहितो, "आयवरला सांगा, माझा राग नाही." मी ते एकदाही सांगितले नाही. याची मला लाज वाटते.

वरील हकिकत माझ्या सहीने मोटार शर्यतींच्या साप्ताहिकाला पाठवावी.

६. हे कलम आज दुपारी हाताने जोडले आहे. वकीलबाई मिस टर्विल यांच्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, मी आयवरला पाचवे कलम वाचून दाखवले. त्याने चहा संपवला.

"मालक, सातच्या आतल्या बाजूला माझ्या पान्याचा एक ओरखडा होता," तो म्हणाला. "आकडा बदललात, ओरखडा तसाच राहिला. त्या सकाळी हातात घेतला तेव्हाच ओळखला मी."

"मग बसवलास कशाला?"

"आठ वाजायला दहा मिनिटं होती. दुसरा होता का आपल्याकडे? म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. फुटला असं कबूल केलं असतं तर मी बसवला हेही आलंच असतं. तुम्ही नटाचं सांगितलंत तेव्हा मला हायसं वाटलं, मालक. नट विसरणं परवडलं."

मी म्हणालो, "तेरा वर्षं मी इथे जळतोय आणि तू बोलला नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मी त्याला म्हटले, तरी कारखाना घे, आयुष्य तर तुझेच गेले. तो मिस टर्विलकडे वळला. "बाई, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, बरोबर?"

"बरोबर. म्हणूनच तुम्ही करू नका. मी शेजाऱ्यांना बोलावते."

"शेजाऱ्यांना काय माहितीये? पेन द्या."

मी तासभर वाद घातला. तो पहिल्यापासून हट्टी. शेवटी असे ठरवतो: पाचव्या कलमातले सर्व काही टीमू कोस्किवारा, राहणार टाम्पेरे, यास मिळावे, तो काठी घेऊन चालतो. साप्ताहिकाच्या पत्रावर दोन सह्या असतील. पत्राची पहिली प्रत टीमूला जाईल, आणि त्यानंतर कार्ड येईल की नाही हे पाहायला मी बहुधा नसेन. आयवरला पाहावे लागेल.

ठिकाण: ग्रीन्स नॉर्टन
दिनांक: १८ नोव्हेंबर २००४

रोलंड ई. अॅस्क्यू

दोघांनी एकाच वेळी समोर उभे राहून साक्ष दिली:

१. फिलिपा टर्विल, वकील, राहणार टोस्टर

२. आयवर पास्क, बस मेकॅनिक, डॅव्हेंट्री. सगळं वाचलं. नट घट्ट होते.