रिकाम्या जागेकडे वळणारी गोटी

सोमवार, ४ मार्च

गोटी पुन्हा वाकडी गेली!

पितळी गोळा बरोबर मधोमध. चौकटीवर ताणलेली रबरी चादर पुसलेली, नट मी स्वतः आवळलेले. तरी गोटी गोळ्याभोवती फिरायची सोडून खिडकीकडे वळली – आणि तिथे काहीही नाही! शाळेची पोरं खिदळली. एक मुलगी म्हणाली, "दादा, तुमचं विश्व तिरकं आहे."

विश्व कसं वाकतं ते दाखवणारी विज्ञान केंद्रातली ही चादर माझ्या ताब्यात. मला कायम करायचं की घरी धाडायचं, ते संचालकसाहेब याच महिन्यात ठरवणार. आणि विश्व तिरकं! दहावी नापास माणसाने विश्वात हात घालूच नये.

मंगळवार, ५ मार्च

भौतिकशास्त्राच्या बाई आल्या होत्या. लोकांपुढे काय बोलायचं ते आम्हाला त्या शिकवतात. म्हणाल्या, "गोळा गोटीला ओढतो असं पुन्हा म्हणालास तर कान धरीन! कोणी कोणाला ओढत नाही. जड वस्तूमुळे आजूबाजूची जागा वाकते, काळही वाकतो. गोटी बिचारी आपल्या मते सरळच चाललेली असते."

मी विचारलं, "मग चादरीवरच्या गोळ्याला खाली कोण ओढतं?"

"गुरुत्वाकर्षण! म्हणूनच चादर ही नुसती नक्कल. हे मुलांना सांगायचं, साहेबांना नाही."

जड वस्तूजवळ घड्याळही सावकाश चालतं म्हणे. खरं असणार – मामा गप्पा मारायला बसला की माझं बंदच पडतं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, इथला पहारेकरी. त्यानेच मला इथे चिकटवलं.

गुरुवार, ७ मार्च

तिरक्या गोटीचं गाऱ्हाणं बाईंना फोनवर सांगितलं. त्या खूश! "गोटी वळते, म्हणजे तिथे वाक आहे. वाक कशाने आला ते शोध. न दिसणाऱ्या द्रव्याचा पत्ता आम्हाला आकाशातही असाच लागतो, ताऱ्यांच्या चालीवरून."

उकिडवा बसून, चादरीला डोळा लावून पाहिलं. खिडकीजवळ खळगी! लांबुळकी, मधे जास्त खोल. माणसाएवढी. आणि बरोबर पंख्याखाली!!

जेवणाच्या सुट्टीत नियमाप्रमाणे मी गोळा काढून ठेवतो, कापडाला विश्रांती म्हणून. दालनाला कुलूप. किल्ली मामाकडे.

शुक्रवार, ८ मार्च

मामाला आडून विचारलं. आडून कसलं, थेटच विचारलं.

"मी? त्या ताणलेल्या चड्डीवर झोपेन? अरे भाच्या, माझी खुर्ची काय मेली?"

आणि जांभई दिली. पुरावा!

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी आज गोटी सोडायला लावली. ती गेली खिडकीकडे. "नवी चादर मागवावी लागेल. कोणाचं काम हे?"

तोंडातून निघून गेलं – "दुपारी किल्ली मामाकडे असते, साहेब."

साहेबांनी खळगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हं. असंच असणार."

मंगळवार, १२ मार्च

मामाची रवानगी मागच्या फाटकावर. खुर्ची नाही, छप्पर नाही. दुपारी पाणी घेऊन गेलो. "ठेव तिकडे," म्हणाला. "झोपेत सांडेन."

आई जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "सख्ख्या मामाला उन्हात उभं केलंस. तू जेव सावलीत."

पण शास्त्राप्रमाणे माझं चुकलं कुठे? वाक होता. जड वस्तू असणारच. मामा जड आहे.

बुधवार, २० मार्च

कायम झालो! साहेबांनी सही करताना पाठ थोपटली – "चौकस आहेस." नवी चादर ताणली. गोटी गोल गोल फिरते, नुसतं बघत बसावं.

मामाला सांगायला फाटकावर गेलो. त्याने पाठ फिरवून फाटकाला कडी घातली.

गुरुवार, २१ मार्च

चष्मा दालनात राहिला म्हणून जेवण सोडून परत आलो. कुलूप निघालेलं, त्याला दुसरीच किल्ली. पंखा सुरू. बूट जोडीने खिडकीखाली. नव्या चादरीवर संचालकसाहेब, हात पोटावर ठेवून घोरत.

मी कडेला उभा राहिलो. गोटी सोडली. सरळ पोटाकडे गेली.