महिला कामगार : निरंक

अण्णा, काल तुमची सून भर बैठकीत उभी राहिली आणि तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर पाच वर्षांनी धाकट्याचं लग्न झालं. अंगानं किरकोळ, बोलायला तिखट, आणि एकदा ऊस तोडायला लागली की टोळीतले पुरुष मागं पडतात. धाकटा आता तुमच्याच जागी मुकादम आहे. सध्या टोळी घेऊन कारखान्याच्या गाडीतळावर झोपड्या घालून उतरलाय. मी इथं धाराशिवला माझ्या खोलीत बसलेय, दुपारचे तीन वाजलेत आणि फोन उशीखाली दाबून ठेवलाय. कालपासून धाकट्याचा फोन नाही. एरवी रोज करतो, जेवलीस का विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत ठेवून देतो. मला भीती वाटतेय, अण्णा. चाळिशीची बाई झाले तरी भीती सांगायला मला तुम्हीच आठवता. ती पहिल्यांदा घातलीत तीही तुम्हीच, तेव्हा ऐकून घ्या.

आधी काय चाललंय ते सांगते. आपली टोळी जिथं उतरते तो कारखाना एका परदेशी कंपनीशी भागीदारी करतोय. कंपनी साखर घेणार, नवी यंत्रं देणार आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना सांगणार की आमची साखर कुणालाही न छळता तयार झालेली आहे. तसं कागदावर दाखवावं लागतं म्हणे त्यांना. आमची संस्था केवढी, तर दोन खोल्या आणि चार माणसं. पण आम्ही ठरवलं, बोलणी चालू आहेत तोवरच आपलं कुणी ऐकेल, सह्या झाल्यावर कुत्रंही विचारणार नाही. म्हणून कंपनीच्या माणसांच्या मागं लागलो की ऊस तोडणाऱ्या बायकांसाठी करारात अटी घाला. बाळंतपणानंतर दोन महिने विश्रांती आणि तोवर टोळीतली जागा राखून ठेवायची. गाडीतळावर पाणी आणि संडास. तक्रार करायची झाली तर मुकादमाला वगळून थेट वर. कंपनीकडून आलेल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कारखान्यानं त्यांना दिलेला एक कागद आमच्यापुढं सरकवला. त्यावर टाईप केलेलं होतं, महिला कामगार : निरंक. दुभाष्यानं त्यांचं म्हणणं सांगितलं, ज्या बायका कागदावरच नाहीत त्यांच्यासाठी अट कशी घालणार? नावं आणा, मग बोलू.

मला त्या ओळीचा रागही धड येईना. कारखान्यानं खोटं लिहिलं होतं, पण ते खोटं आपल्याच घरात शिजलेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि यादीत नाव नवऱ्याचं लावायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुमची हयात त्या याद्या करण्यात गेली.

अजून दिसतं मला, मी अकरा वर्षांची आहे. फडाच्या कडेला आपली कोप आहे, उसाच्या पाल्यानं शाकारलेली, त्या पाचटाचा वास सगळ्या अंथरुणाला लागलाय. तुम्ही म्हणता, "तुजं अक्षर ब्येस हाय, तू उतरव यादी." तुमच्या खिशाला कायम पेन असतं, पण सहीपलीकडं काही लिहायची वेळ आली की नेमका चष्मा घरी राहिलेला असतो. मी पालथी पडून वीस नावं उतरवते, आणि प्रत्येक नावाखाली त्याच्या बायकोचं नाव लिहिते, कारण त्या बायकांना मी रोज डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून गाडीत चढताना बघते आणि मला वाटतं तुम्ही विसरलात. तुमच्या नावाखाली मी आईचं नाव लिहिते, जरा जास्त वळणदार. कारखान्याच्या शेतकी ऑफिसातला कारकून यादी वाचतो आणि हसायला लागतो. "मुकादम, बायकाबी मांडल्या व्हय? उद्या पाळण्यातली पोरंबी मांडचाल." तुम्हीही हसता. माझा दंड धरलेला तुमचा हात मात्र आवळत जातो, ते फक्त मला कळतं. बाहेर आल्यावर तुम्ही त्या कागदाचे चार तुकडे करता आणि माझ्यावर ओरडता, "कुणी सांगितला तुला शानपना? नाव लागलं की बाई मागाया लागंल. तिनं मागितलं की पुढल्या साली आपल्या टोळीला न्यायाला गाडी येणार न्हाय. मग समदे बसतील तुज्या अक्षराकडं बघत." त्या आठवड्यात तुम्ही येडशीच्या बाजारातून मला शंभर पानी वही आणलीत. "ह्यात लिव्ह काय लिव्हायचं त्ये. मला दावू नगंस," एवढंच म्हणालात आणि बैलांना पाणी दाखवायला गेलात.

मी त्या वहीत काही लिहिलं नाही. फार वर्षं तुमच्यावर राग धरून होते. धाकटा उसाच्या फडात जन्मला आणि पाचव्या दिवशी आईनं कोयता उचलला, मुकादमाची बायको असून. त्यानंतर ती कधी ताठ उभी राहिली नाही, कंबर धरूनच चालायची. तुम्ही तिची जागा चार आठवडेसुद्धा राखली नाहीत, असं मी तुम्हाला मनात हजार वेळा ऐकवलंय. तुम्हाला भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मिशा पिळणारा, वीस कोयत्यांना दम देणारा माणूस एका कारकुनाच्या हसण्याला भ्यायला होता.

तर नावं गोळा करायला मी आठ दिवस गाडीतळावर गेले. बाया आधी उडवून लावायच्या. "आक्का, तुमी जाचाल तुमच्या धाराशिवला, आमाला हितंच ऱ्हायचंय," असं तोंडावर म्हणायच्या, आणि खरंच होतं ते. मग एकेक यायची, पदर तोंडाला लावून नाव सांगायची, मी लिहून घ्यायचे. तुमच्या सुनेनं मात्र चुलीपुढून उठायच्या आधीच सांगितलं, "माजं पयलं लिवा. पाचवा लागलाय मला. सासूबाईगत कंबर मोडून घ्यायची न्हाय." मी विचारलं, "त्याला विचारलंस का?" ती म्हणाली, "इचारलं असतं तर त्येनं लिवू दिलं असतं व्हय?" आणि हसून भाकरी थापायला लागली. मी नव्या कागदावर पहिलं नाव तिचं लिहिलं.

त्याच दिवशी परत निघाले तर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यानं मला चहाला बोलावलं. माणूस गोड. खुर्ची स्वतः पुढं केली. म्हणाला, "ताई, मुकादम तुमचे सख्खे भाऊ न्हवं? लई गुणी माणूस. पुढल्या सालीबी त्येंच्याच टोळीला बोलवावं म्हणतोय. बघू कसं जमतंय." बस, एवढंच. वावगं काही बोलला नाही, उलट साखर पुरे का म्हणून विचारलं. मी चहा संपवला आणि उठले. एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा मी धाराशिव म्हणाले.

कालची बैठक कारखान्याच्याच सभागृहात झाली. एका बाजूला कंपनीच्या बाई आणि त्यांची दोन माणसं, समोर कारखान्याचे लोक, मागं सतरंजीवर आपल्या बाया, आणि भिंतीला टेकून सगळे मुकादम आणि नवरे ओळीनं उभे. मी यादी पुढं ठेवली. कारखान्याच्या वकिलानं ती उचललीसुद्धा नाही. म्हणाला, "कुणाचीबी नावं लिहून आणता येतात. वाचून दाखवा आन् बायांना हुबं राहू द्या." त्यांना वाटलं असणार, भिंतीकडं बघून एकही उठायची नाही. मलाही तेच वाटलं. पहिलं नाव वाचलं आणि कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, मग तिच्या शेजारची. मी वाचत गेले. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस बाया उभ्या. मी कागद खाली ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, "एक ऱ्हायलं." तुमची सून पोटावर हात ठेवून उठली. स्वतःचं नाव, सासरचं आडनाव, गाव, सगळं सांगितलं. "म्याबी ऊस तोडते. मला पाचवा म्हैना हाय. माजं बी लिवा." दुभाषी कंपनीच्या बाईंना सांगू लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हे नाव का नव्हतं? मी म्हणाले, नजरचुकीनं राहिलं. आणि शेवटी बेचाळिसावं म्हणून ते लिहिलं. लिहिताना वर बघितलं तर शेती अधिकारी धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेत होता, आणि धाकटा मान खाली घालून चालला होता. अगदी तुमच्यासारखा चालतो तो.

बाहेर मी तिला गाठलं. म्हटलं, "राहूनच गेलं गं." तिनं पदर खोचला. "व्हय की आक्का, येवढी नावं, ऱ्हातंय येखादं," म्हणाली, पण माझ्याकडं बघितलं नाही. दुपारचा फड बाकी होता, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून गेली. ती चढताना मी हात पुढं केला होता, तिनं दुसऱ्या बाईचा धरला.

सोमवारी शेवटची बोलणी आहेत. अटी राहिल्या तर याच हंगामाच्या शेवटी बाळंत झाली तरी तान्हं घेऊन ती फडात उतरणार नाही आणि तिची जागाही जाणार नाही. अटी खोडल्या तर पहिला हिशेब तिच्याशी होणार, कारण ती एकटीच आपणहून बोलली. आणि धाकट्याशी. कदाचित तो आता तिच्यावर ओरडत असेल, कागद फाडल्यासारखा. कदाचित नुसता गप्प बसला असेल, ते जास्त वाईट. फोन उशीखाली आहे, वाजला तर ऐकू येईल एवढी काळजी घेतलीय, आणि वाजू नये असंही वाटतंय.

हे पत्र कुठं टाकायचं, अण्णा? द्यायचं तर ते तिला द्यायला हवं. तेवढी हिंमत माझ्यात नाही, म्हणून तुम्ही आणलेल्या वहीत लिहितेय. पानं पिवळी पडलीत, पण शाई फुटत नाही.

नजरचूक नव्हती. चहा पिऊन घरी आले त्या संध्याकाळी मी पहिलं पान पुन्हा उतरवून काढलं, तिचं नाव वगळून. आधीच्या पानाचे मीही चार तुकडे केले.