‘मार्गिट’वरची केळी

पीटर्सबर्ग, अलास्का
३ जून १९९६

ती. थोराताईस,
धाकट्या हाल्वरचा सा. न. वि. वि.

बाबांची मासेमारीची ‘मार्गिट’ मी पाहुण्यांची बोट केली, त्याला वर्ष झालं. जाळ्यांच्या जागी बाक आले. हिमनदी आणि सील बघायला माणसं येतात, पैसे देऊन गारठतात आणि वर माझेच आभार मानतात. बाबांच्या मते मी बोटीची नाटक कंपनी केली. रोज सकाळी ते धक्क्यावर येतात, नेमके आमच्यासमोर बसतात आणि आमच्याकडे पाठ करून कॉफी पितात. सगळ्या बंदराला ती पाठ पाठ झाली आहे.

सप्टेंबरात तू त्यांना कायमचं जुनोला नेणार. त्याआधी त्यांनी एकदा तरी आईच्या नावाच्या बोटीत पाय ठेवावा, असं मला फार वाटतं. मी विचारलं, तर पाण्यात थुंकले. तू लाडकी, तूच बघ काही जमतं का.

तुझ्या लोभातला अर्धा वाटा मागणारा,
हाल्वर

जुनो
८ जून

चि. हाल्वर यास,
अ. उ. आ.

तुम्हा दोघांपेक्षा हिमनदी बरी, ती निदान थोडी तरी सरकते. बाबांना विनवून आजवर कोणाचं भलं झालंय? म्हणून मी सरळ चुगली केली. हाल्वर हल्ली प्रवाशांना बोटीवर केळी आणू देतो, असं त्यांना लिहून टाकलं. केळं चढलं की बोटीला साडेसाती लागते, म्हणून ज्यांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या डब्यात केळं बघून डबा ठेवून घेतला आणि त्याला धक्क्यावर उतरवलं, ते आता घरी बसतील होय? तू फक्त मला खोटं पाडू नकोस. कोणाच्या तरी पिशवीत केळी सापडू देत.

शहाणपण वाढो, माझ्यावरची मायाही,
ताई

पीटर्सबर्ग
१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आले. शिडीपाशी उभे राहून त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. केळी मीच आणून ओहायोच्या एका आजींकडे ठेवायला दिली होती. त्यांना तो इथला धार्मिक विधी वाटला. बाबांनी ती जप्त करून कावळ्यांना घातली आणि मग बोटीत चढले. माझ्याकडे बघायचं मात्र राहून गेलं.

वाटेत देवमाशाने शेपूट दाखवलं, तर बाबांनी जाहीर केलं की केळी काढल्यामुळेच आला. बर्फावर सीलची मादी पिल्लाला पाजत होती. जन्मभर ज्या जातीला मासेचोर म्हणून शिव्या दिल्या, तिच्यासाठी यांनी पाहुण्यांना आवाज बंद करायला सांगितलं.

हिमनदीसमोर मी इंजिन मंद केलं आणि तेवढ्यात भला मोठा कडा कोसळला. लाट निघाली. पाहुणे कॅमेरे घेऊन एकाच बाजूला धावले. बाबा एका आवाजात सगळ्यांना बसवून माझ्याकडे आले, न विचारता सुकाणू धरलं आणि बोटीचं नाक लाटेकडे वळवलं. मला ते येतं, ताई. तरी मी हात काढून घेतले. बंदर येईपर्यंत सुकाणू त्यांच्याकडेच होतं.

मग उतरून सरळ घराकडे चालू लागले. आज धक्क्यावर आलेही नाहीत. मला वाटतं, आपलं फसलं.

तुझा, यापुढे केळी न शिवणारा,
हाल्वर

पीटर्सबर्ग
१७ जून

चि. थोरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चुगली खोटी आहे हे वाचतानाच कळलं होतं. हाल्वर गाढव असेल, पण मार्गिटचा मुलगा आहे; तो केळं चढू देणार नाही. तरी गेलो. वर्षभर त्या बोटीकडे पाठ करून बसायचं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. मान आखडते.

काल सुकाणू धरताना तुझ्या आईची आठवण आली. आज दिवसभर झोपलो. बरं वाटलं.

सप्टेंबरात माझ्यासाठी खोली रंगवत बसू नकोस. मी येत नाही. तूच लिहिलंस की बोटीवर केळी येतात. पिशव्या बघायला कोणीतरी नको का?

जावयाला आशीर्वाद. त्याचा डबा अजून माझ्याकडे आहे.

तुझा बाप